पाचट पेटते तेव्हा काय काय जळते?



थंडी पडली आणि उसाच्या तोडी सुरू झाल्या की खोकला, दमा, डोळ्यांची आग यांबद्दलची विचारणा वाढते. चुलीचा धूर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, त्याच्याबद्दल बोलणेही होते. पण संध्याकाळी शेताकडून वस्तीवर येऊन बसणाऱ्या धुराला आपण ऋतूच समजून बसलो आहोत. पाऊस येतो तसा धूर येतो! तो येतो कुठून, त्यात काय असते आणि तो येताना मागे जमिनीचे काय करून येतो, हे आज समजून घेऊ. धूर ही त्या नुकसानीची डोळ्यांना दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू जमिनीत राहते, आणि तीही शेवटी आपल्याच ताटात व पाण्यात येते.

महाराष्ट्रात दहा लाखांहून अधिक हेक्टरांवर ऊस होतो. तोडणी झाली की वाळलेला पाला, म्हणजे पाचट, रानात पडून राहते. एका हेक्टरात साधारण आठ ते दहा टन. हे पाचट खोडव्याच्या आड येते, पाणी अडवते, त्यात उंदीर-साप राहतात, मजुरी परवडत नाही, अशी कारणे सांगून ते पेटवून दिले जाते. कारणे अगदीच खोटी नाहीत. दोन तासांत रान ‘साफ’ होते आणि खर्च काडेपेटीच्या एका काडीचा. म्हणून सांगणाऱ्याने नुसते ‘जाळू नका’ म्हणून भागत नाही, हिशेब मांडला पाहिजे.

दहा टन पाचटात साधारण चाळीस ते पन्नास किलो नत्र, वीस ते तीस किलो स्फुरद आणि पाऊणशे ते शंभर किलो पालाश असते. शिवाय तीन-चार टन सेंद्रिय कर्ब. पेटवल्यावर कर्ब जवळजवळ सगळा हवेत जातो, नत्रही बहुतेक सगळे जाते. पन्नास किलो नत्र म्हणजे युरियाची दोन पोती. स्फुरद आणि पालाश राखेत बऱ्यापैकी उरतात, पण राख हलकी असते. वाऱ्याने उडते आणि वळवाच्या पहिल्या सरीत ओढ्याला जाते.

राख खत नाही का?

‘राख हे तर उत्तम खत, मग बिघडले कुठे?’ असे जाणती माणसेही विचारतात. याचे उत्तर जमिनीगणिक वेगळे आहे. राख अल्कधर्मी असते. कोकणातली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला थोडी राख मानवते. भाताच्या रोपांसाठी तिथे राब भाजतात, त्यामागे हेही एक कारण आहे. तणाचे बी मरते, हे दुसरे. पण देशावरची, मराठवाड्यातली, विदर्भातली काळी माती मुळातच अल्कधर्मी. तिच्यावर दरवर्षी राख पसरून तिला हवे ते मिळत नाही. आणि राबाचीही एक बाजू आहे. वाफा असतो गुंठा-दोन गुंठ्यांचा, पण त्याच्यासाठी फांद्या तोडल्या जातात कितीतरी मोठ्या रानातल्या ऐन-किंजळीच्या. त्यापेक्षा गादीवाफ्यावर रोपे करणे झाडांना आणि माणसांना, दोघांनाही बरे.

दुसरे एक विधान नेहमी ऐकू येते, ते म्हणजे आगीने जमिनीतले सगळे जिवाणू मरतात, गांडुळे मरतात. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. माती ही उष्णतेची वाईट वाहक. वर पाचट धडधडत असले तरी झटकन विझणाऱ्या आगीत चार बोटे खाली फारसे तापत नाही. गांडुळे उन्हाळ्यात तशीही खोल गेलेली असतात. मरतात ते वरच्या बोटभर मातीतले जीव, आणि तेही काही आठवड्यांत, महिन्यांत परत वाढू लागतात. खरे नुकसान वेगळेच आहे. त्यांचे अन्न जळते. जिवाणू, बुरशी, वाळवी, गांडूळ हे सारे कुजणाऱ्या पाल्यावर जगतात. घर शाबूत आणि कोठार जळालेले, अशी त्यांची गत होते. एक वर्ष जाळले तर जमीन सोसते. दहा वर्षे ओळीने जाळले तर त्या मातीत राबायला कोणी उरत नाही. माती भुसभुशीत राहते ती याच जिवांच्या चिकट स्रावांमुळे आणि कर्बामुळे. ते कमी झाले की पहिल्या पावसाच्या थेंबांनी वर पापडी धरते, पाणी मुरत नाही, वाहून जाते. आपल्याकडच्या पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी आहे. त्यातच हे.

यात आपल्या समाजाचा एक खास धागा आहे. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्या चळवळीतून आणि नंतरच्या लढ्यांतून गायरानावर, पडिकावर आपल्या कितीतरी कुटुंबांनी दगडगोटे वेचून रान केले. ही जमीन बहुधा हलकी, मुरमाड, उताराची. काळीभोर जमीन दहा वर्षांचे जाळणे सोसेल, मुरमाड रान सोसणार नाही. तिथे जो काही ओलावा टिकतो, तो त्या चार बोटे मातीतल्या पाल्यापाचोळ्यामुळेच. मोठ्या बागायतदाराचे पाहून आपल्या दोन एकरांतला काडीकचरा, पऱ्हाटी, तुरकाट्या बांधावर पेटवून देणे आपल्यालाच सगळ्यात महाग पडते. पऱ्हाटी आणि तुरकाटी चुलीला तरी लागते.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना हाच मुद्दा मांडला होता. डोंगरातला पालापाचोळा, गवत, मेलेले किडे यांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून वाया जाऊ नये, ते शेतात मुरावे म्हणून जागोजागी ताली, बंधारे घालावेत असे त्यांचे म्हणणे होते. आज आपण ते सत्त्व ओढ्याला जाईपर्यंतही थांबत नाही.

धुरात काय असते

एक टन वाळका पाला जळाला की त्यातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. टनातून दीड टन कसे? जळताना पाल्यातला कर्ब हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याचे वजन मिळते. हा वायू धरणीला तापवणारा. पण आपल्या छातीला भिडणाऱ्या गोष्टी दुसऱ्या आहेत. टनामागे साधारण साठ ते शंभर किलो कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे रक्तातला प्राणवायू हटवणारा विषारी वायू. आणि पाच ते आठ किलो अतिसूक्ष्म कण. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहून लहान असतात. नाकातल्या केसांत, घशातल्या शेंबडात ते अडकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही रक्तातही उतरतात. एका हेक्टराच्या पाचटातून असे चाळीस ते ऐंशी किलो कण. शिवारात एका संध्याकाळी किती हेक्टर पेटतात, तो गुणाकार वाचकांनीच करावा.

पाला ओलसर असेल तर धूर आणखी जास्त. आणि वेळही नेमकी वाईट निवडली जाते. वारा पडला की आग आवरायला सोपी, म्हणून लोक तिन्हीसांजेला पेटवतात. हिवाळ्यात त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. वरची हवा तुलनेने गरम असल्याने धूर वर जाऊच शकत नाही, झाकण घातल्यासारखा खालीच पसरतो आणि सखल भागात साठतो. गावाच्या सखल कडेला, ओढ्याच्या अंगाला कोणाची घरे असतात, हे आम्ही सांगायला नको.

ऊसतोड कामगारांचे तर विचारूच नका. अलीकडे तोडणी लवकर उरकावी म्हणून उभा ऊसच पेटवून मग तोडण्याचे प्रकार होतात. पात्याने अंग कापत नाही, तोडणी भराभर होते, म्हणून मजुरालाही ते सोपे वाटते. पण दिवसभर काजळीत वाकून काम करायचे. तोंडावर, केसांत, श्वासात काजळी, आणि तेच हात भाकरीला. शिवाय वाढे जळून जाते. वाढे म्हणजे कोपीवरच्या बैलांची वैरण, आणि पेंढ्या विकून मिळणारे चार वरकड पैसेही तेच. जळिताचे वजन आणि साखर लवकर उतरते म्हणून कारखाने दरात कपात करतात, ती शेतकऱ्याला बसते. एकाच आगीत दोघांचे नुकसान. तरी बोल लागतो कोयता धरणाऱ्याला.

रान पेटले की गवत चांगले येते?

माळ आणि डोंगर पेटवण्यामागे ही समजूत घट्ट आहे. तिला थोडा आधारही आहे. वाळके गवत जळून गेले की उजेड मिळतो, राखेतला पालाश लगेच लागू पडतो आणि पहिला फुटवा हिरवागार दिसतो. गुरे त्याच्यावर तुटून पडतात. फसवणूक होते ती नंतर. दरवर्षी आग लागणाऱ्या माळावर मारवेल, पवन्या यांसारखी गुरांना आवडणारी गवते मागे पडतात आणि आग सोसणारी कुसळी पसरते. ती पिकली की तिची कुसळे शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात, कातडीत घुसतात. झाडांची एक-दोन वर्षांची रोपे मरतात. मोठी झाडे उभी असल्याने रान आहे असे वाटते, पण त्या रानाला लेकरेच नसतात. घाणेरी मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटते आणि पुढच्या वर्षीच्या आगीला जळणही पुरवते. लावा, तित्तर, टिटवी, चंडोल हे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. फाल्गुन-चैत्रात लागलेल्या आगीत त्यांची घरटी सापडतात. उतार उघडे पडले की आषाढात माती खाली येते आणि गावतळे गाळाने भरते.

विदर्भातल्या वणव्यांमागे मोह आणि तेंदू ही दोन कारणे पुष्कळदा असतात. मोहाची फुले पहाटे गळतात. खालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी केली की ती वेचायला सोपी जातात. तेंदूला आग लागली की कोवळी पाने जास्त फुटतात, असे मानतात. दोन्हींत गरिबाची रोजी आहे, त्यामुळे ‘आदिवासी जंगल जाळतात’ अशी सरसकट बोटे दाखवणे आम्हाला मान्य नाही. उपाय आहेत. मोहाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या की काडी लावावी लागत नाही, आणि फुले मातीने भरतही नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१२ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूच्या तोडीसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात, हे पाहून ग्रामसभेने हाती येणारा तेंदूचा पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. रानाचा हक्क हातात आला तेव्हा लोकांनी ते राखले, याची नोंद वनखात्यासह सर्वांनी घ्यावी.

प्रत्येक आग वाईटच, असेही नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच छोटे छोटे तुकडे पेटवतात, त्यामुळे पुढे मोठा वणवा पसरत नाही. आपले वनखाते जाळरेषा काढते ती याच तत्त्वाने. अडीच हजार वर्षांपूर्वीचा विनयही हाच भेद करतो. चुल्लवग्गात नोंद आहे की सहा जणांच्या टोळीतले भिक्खू रान पेटवीत. लोकांनी नाव ठेवले तेव्हा भगवंतांनी भिक्खूंनी रान पेटवू नये असा नियम केला. पण वणवा विहाराकडे येत असेल तर समोरून उलटी आग लावून, म्हणजे पटग्गि देऊन, विहाराचा बचाव करण्याची परवानगी दिली. आग कोण, कुठे, कशासाठी लावतो याला महत्त्व आहे. उन्हाळ्यात बिडीचे थोटूक फेकणारा आणि जाळरेषा काढणारा वनमजूर एका पारड्यात बसत नाहीत.

मग पाचटाचे करायचे काय

ऊस असलेल्यांनी आणि उसात कामाला जाणाऱ्यांनीही हे माहीत करून घ्यावे, कारण शेतकऱ्याला सांगणारे पुष्कळदा मजूरच असतात. पाचट पेटवण्याऐवजी एक आड एक सरीत दाबून घालावे. म्हणजे मोकळ्या सरीतून पाणी देता येते आणि फुटवेही दबत नाहीत. कुट्टी यंत्र मिळाले तर उत्तमच. त्यावर एकरी साधारण एक पोते युरिया, एक पोते सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणकाल्यातून टाकून पाणी द्यावे. युरिया कशाला, असे वाटेल. पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी. ते कुजवताना जिवाणूंना नत्र कमी पडते आणि ते जमिनीतले उचलतात, त्यामुळे सुरुवातीला पीक पिवळे पडते. बरेच जण इथेच घाबरून ‘पाचटाने ऊस बिघडला’ म्हणतात आणि पुढच्या वर्षी काडी लावतात. वरून नत्र दिले की ही अडचण येत नाही, आणि पाचट कुजल्यावर जिवाणूंनी घेतलेले नत्र पिकाला परत मिळते. तोवर पाचटाखाली ओल टिकते, तण कमी येते, खुरपणीची एखादी पाळी वाचते. खुरपणीची मजुरी बुडेल अशी शंका बायांनी आमच्याजवळ काढली होती, ती रास्त आहे. पाचट भरण्याची मजुरी ठरवून मागावी, हे त्यावरचे उत्तर.

शहरातल्या वस्तीत ऊस नाही, पण माघ-फाल्गुनात रस्त्याकडेच्या झाडांचा पाला झडतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग पेटतात. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल असतोच, आणि त्याचा धूर पाल्याच्या धुरापेक्षा कितीतरी घातक. २०१६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली. साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठेवला. पण झाडू हातात असलेल्या आपल्या भावा-बहिणीकडे ढीग उचलायला गाडीच येत नसेल, तर दंडाची पावती त्यांच्या नावे फाडून काय मिळणार? पाल्यासाठी वेगळी गाडी किंवा जवळच खड्ड्याची जागा द्या, असा लेखी अर्ज वस्तीच्या मंडळाने प्रभाग कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी.

धूर आला की तान्ही मुले, गरोदर बाया, दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण आणि म्हातारी माणसे यांना आधी आत घ्यावे, वाऱ्याकडची खिडकी लावावी आणि त्या वेळी घरात चूल, उदबत्ती, कॉइल पेटवू नये. रुमाल किंवा पदर बांधल्याने जाड काजळी अडते, बारीक कण नाही. आगीजवळ काम करायचेच असेल तर एन-९५ मास्क लागतो. डोळे चोळू नयेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत. दम्याचा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर तो हाताशी ठेवावा. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, धुरात असताना डोके जड होऊन गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले की १०८ ला फोन करावा, सकाळची वाट पाहू नये. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर ‘धुराचा आहे’ म्हणून सोडू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी, तपासणी फुकट आहे. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावावा, घरांजवळ आग आली तर १०१.

विहाराच्या अंगणात पिंपळ असेल, तर झडलेल्या पानांसाठी एका कोपऱ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घ्यावा. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, त्यावर दोन घमेली माती, असे थर द्यावेत. वरचा थर मातीचाच ठेवावा, म्हणजे डास-माश्या होत नाहीत. शिळे अन्न टाकू नये, उंदीर येतात. मूठभर मिश्रण दाबून पाहावे. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. पावसाळ्यात वर जुना पत्रा टाकावा. महिन्यातून एकदा खालवर करावे. पिंपळाचे पान चिवट, ते चुरून टाकले तर लवकर कुजते, नाही तर पाच-सहा महिने लागतात. खत काळपट झाले, हाताला गार लागले आणि ओल्या मातीसारखा वास आला की ते तयार झाले. पहिला खड्डा माघात भरला तर श्रावणात, वर्षावासात, विहारापुढच्या रोपांना ते घालता येईल.